शेजाऱ्याचे उत्पन्न आणि आत्महत्येचा धोका : एक चिकित्सा

आत्महत्या ही वरवर पाहता अत्यंत वैयक्तिक कृती असली, तरी तिचे प्रमाण समाजरचनेशी निगडित असते, हे एमिल द्युरखेम यांनी १८९७ मध्ये मांडले. दारिद्र्य आकांक्षांना मर्यादा घालते, म्हणून ते एक प्रकारे संरक्षकच ठरते, असेही त्यांचे प्रतिपादन होते. पुढे पीटर सेन्सबरी यांनी १९५५ च्या लंडनविषयक अभ्यासात, वस्तीच्या दारिद्र्यापेक्षा तेथील एकाकीपणा व अस्थिर वास्तव्य यांचा आत्महत्येशी अधिक संबंध दाखविला. तथापि या दोन्ही मांडण्या प्रामुख्याने समूहाच्या दरांवर उभ्या आहेत आणि समूहाच्या आकड्यांवरून व्यक्तीविषयी अनुमान काढणे सदोष ठरू शकते, हे रॉबिन्सन यांनी १९५० मध्येच निदर्शनास आणले होते.

मेरी डेली, डॅनियल विल्सन आणि नॉर्मन जॉन्सन यांचा २०१३ चा अमेरिकेविषयीचा शोधनिबंध या दृष्टीने महत्त्वाचा होय. त्यांनी व्यक्तिनिहाय माहिती मृत्यूच्या नोंदींशी जोडून पाहिली. स्वतःचे उत्पन्न सारखेच असताना, भोवतालच्या लोकांचे उत्पन्न जास्त असल्यास आत्महत्येचा धोका वाढतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. रॉबिन्सन यांचा आक्षेप येथे बऱ्याच अंशी टळतो, हे या निबंधाचे बलस्थान.

प्रश्न आहे तो 'भोवताल' या संकल्पनेचा. निबंधात तिचे माप 'काउंटी' हे प्रशासकीय एकक आहे. २०२० च्या जनगणनेनुसार लॉस एंजेलिस काउंटीची लोकसंख्या सुमारे १ कोटी, तर टेक्सासमधील लव्हिंग काउंटीची अवघी ६४. या दोन्हींना एकाच अर्थाने शेजार म्हणता येईल काय? शिवाय उत्पन्न म्हणजे प्रतिष्ठा नव्हे. मनुष्य स्वतःची तुलना कोणाशी करतो, भावाशी, सहकाऱ्याशी की समोरच्या घराशी, हे उत्पन्नाच्या आकड्यांतून कळत नाही. संबंध सिद्ध होतो. तुलनेची वेदना हेच त्याचे कारण, हे मात्र गृहीतच राहते.

हा वाद केवळ पद्धतिशास्त्राचा नाही. विदर्भातील शेतकरी आत्महत्यांची चर्चा आपणही बहुधा जिल्हावार आकड्यांवरच करतो. त्या आकड्यांत कर्जबाजारी शेतकऱ्याचा बांधाला बांध लागून असलेला शेजारी कोठेच दिसत नाही. कारण विषमता असेल तर उपाय आर्थिक धोरणात शोधावा लागेल. एकाकीपणा असेल तर माणसांच्या सहवासात. म्हणून आकडेवारीच्या जोडीला गावपातळीवरील गुणात्मक अभ्यास अनिवार्य ठरतो. निदान चुकले, तर मदत चुकीच्या दारी पोहोचेल.