जुन्या आगगाड्यांचा जीर्णोद्धार आणि पाठशुद्धीचा प्रश्न

वाफेच्या जुन्या इंजिनांचा व डब्यांचा जीर्णोद्धार हा कारखानदारांचा विषय असून संशोधकांस त्यांत कर्तव्य नाहीं, असा एक समज रूढ आहे. तो बरोबर नाहीं. जें इंजिन चाळीस-पन्नास वर्षें रुळांवर चाललें, त्याचें बाष्पपात्र, चाकें, नळ्या व धुरांडें हीं अनेकवार बदललेलीं असतात. अनेक लेखकांच्या हातांतून गेलेल्या पोथीप्रमाणेंच त्याच्या अंगावर अनेक काळांचे थर असतात. त्यांतील कोणता थर राखावा व कोणता काढावा हें ठरविणारा मनुष्य वस्तुतः संपादकच होय. तेव्हां त्याच्या कामाची परीक्षा संपादनाच्या कसोटीनेंच झाली पाहिजे.

प्रथम इंग्लंडांतील ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हें विख्यात इंजिन घेऊं. तें १९२३ सालीं डॉन्कास्टर येथें तयार झालें. पुढें त्यास ४४७२ हा क्रमांक मिळाला, व त्याच क्रमांकानिशीं १९३४ सालीं त्यानें ताशीं १०० मैलांचा वेग गांठला. १९४६ सालीं हा क्रमांक गेला. १९४७ च्या जानेवारींत अधिक दाबाच्या जातीचें बाष्पपात्र बसलें. पुढें ६०१०३ हा क्रमांक आला. नंतर जोडधुरांडें व १९६१ सालीं धूर वर लोटणारे पत्रे लागले. १९६३ सालीं तें सेवेंतून निघालें तेव्हां अ‍ॅलन पेग्लर यांनीं विकत घेऊन त्यास भंगारापासून वांचविलें. ही त्यांची कामगिरी मोठीच आहे. परंतु त्यांनीं पत्रे व जोडधुरांडें काढून जुना फिकट हिरवा रंग व ४४७२ हा क्रमांक परत दिला, आणि बाष्पपात्र मात्र १९४७ नंतरच्या जातीचेंच राहिलें. म्हणजे लोकांनीं ‘मूळ’ म्हणून ज्या रूपाचें कौतुक केलें, तें रूप त्या इंजिनाच्या सेवाकाळांत एक दिवसही नव्हतें! दोन शाखांचे पाठ एकत्र करून तिसराच ग्रंथ निर्माण करावा, तसा हा प्रकार झाला.

हें इंजिन २००४ सालीं यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाकडे आलें. २००६ पासून चाललेली दुरुस्ती २०१६ सालीं पुरी झाली व तीस सुमारें ४२ लाख पौंड लागले. त्या वेळीं ६०१०३ हा क्रमांक, गडद हिरवा रंग, जोडधुरांडें व पत्रे असें सेवेच्या अखेरचें रूप देण्यांत आलें. जुन्या रंगाच्या चाहत्यांस हें रुचलें नाहीं. पण आमच्या मतें तोच निर्णय शास्त्रशुद्ध होय. एका काळाचा सुसंगत पाठ हा मनोहर मिश्रपाठापेक्षां केव्हांही श्रेष्ठ.

याहून निराळा मार्ग स्टीफन्सनच्या ‘रॉकेट’ इंजिनाच्या बाबतींत अवलंबिला गेला. १८२९ सालच्या रेनहिलच्या परीक्षेंत विजयी झालेलें हें इंजिन १८६२ सालीं लंडनच्या संग्रहांत आलें, तें मोडकें व अपुरें. तें नवें करून चालविण्याची खटपट कोणी केली नाहीं. उलट, १९९९ सालीं मायकेल बेली व जॉन ग्लिथेरो या दोघां अभ्यासकांनीं त्याचे भाग सुटे करून, उत्खननांत थर तपासावे त्याप्रमाणें, एकेका भागाची परीक्षा केली व आपले निष्कर्ष ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. आरंभीं बरेच तिरपे असलेले सिलिंडर मागाहून जवळजवळ आडवे केले गेले, या प्रकारच्या फेरफारांची साक्ष खुद्द लोखंडच देतें. चालतें ‘रॉकेट’ पाहण्याची लोकांची हौस १९७९ सालीं केलेल्या स्वतंत्र नकलेनें भागविली. अस्सल वाचण्यासाठीं व नक्कल चालविण्यासाठीं, ही वांटणी आम्हांस आदर्श वाटते.

आतां आपल्या देशाकडे वळूं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास गेलेल्या पहिल्या गाडीचीं तीन इंजिनें आज शिल्लक नाहींत. त्यामुळें ईस्ट इंडियन रेल्वेच्या ‘फेअरी क्वीन’ या १८५५ सालच्या इंजिनाचें मोल फार वाढतें. लीड्स येथील किट्सन, थॉम्प्सन आणि ह्यूइटसन यांच्या कारखान्यांत तें घडलें, व १९०९ पर्यंत त्यानें काम केलें. १९९७ सालीं तें पुन्हां वाफेवर चालूं लागलें, आणि १९९८ सालीं नियमित चालणारें जगांतील सर्वांत जुनें इंजिन म्हणून गिनेस बुकानें त्याची नोंद घेतली. २०११ सालीं त्याचे कांहीं भाग चोरीस गेल्यावर पेरांबूरच्या कारखान्यांत पुनश्च दुरुस्ती झाली. त्याचें सोबती ‘एक्सप्रेस’, क्रमांक २१, हेंही तेथेंच २०१० सालीं चालतें करण्यांत आलें. कारागिरांच्या कौशल्याविषयीं शंका नाहीं. तथापि एकाच हातच्या दोन प्रती उपलब्ध असतां एक तरी केवळ अभ्यासासाठीं राखावयास हवी होती. संपादक आपण भरलेलीं अक्षरें कंसांत देतो. तसा कोणता भाग १८५५ चा व कोणता आपल्या काळचा याचा हिशेब इंजिनाशेजारींच मांडला पाहिजे.

यावर पूर्वपक्ष असा कीं, थंड इंजिन म्हणजे प्रेत. तें चालविल्यानेंच रिव्हेट मारण्याची, भट्टी राखण्याची विद्या जिवंत राहते. यांत तथ्य आहे. परंतु त्या विद्येसाठीं एकमेव पोथी खर्ची घालण्याचें कारण नाहीं. १९४७ ते १९६७ या काळांत आलेलीं डब्ल्यू. पी. जातीचीं इंजिनें ७५५ होतीं. तीं छापील ग्रंथासारखीं. त्यांपैकीं वांचलेलीं चालवावीं, त्यांच्यावर हात बसवावा.

डब्यांच्या बाबतींत तर हानि अधिक सहज होते. जुन्या लांकडी डब्याच्या रंगाखालीं रंगाचे अनेक थर दडलेले असतात. त्यांवरून कंपनी, दर्जा व काळ यांचा माग लागतो. नवा रंग देण्यापूर्वीं सर्व खरडून टाकणें म्हणजे मोडी दप्तर धुऊन त्याच कागदावर नवें पत्र लिहिणें होय. निदान एका कोपऱ्यांत थर जसेच्या तसे राखावेत.

शेवटीं आमच्या वाचकांचें कर्तव्य. कारखान्यांतील नकाशे, बाष्पपात्रांच्या तपासणीच्या वह्या, दुरुस्तीचीं टिपणें हीं या लोखंडी ग्रंथांचीं टीका-टिप्पणें आहेत. कारखाने बंद पडतांना किंवा बदलतांना पहिल्यानें रद्दींत जातें तें हेंच दप्तर. तें गेल्यावर इंजिनाचा कोणता भाग अस्सल व कोणता प्रक्षिप्त हें सांगावयास दुसरा साक्षीदार उरत नाहीं. ज्यांनीं वाड्यांच्या माळ्यांवरून पेशवाईचे रुमाल वांचविले, त्यांच्याच परंपरेंतील संग्राहकांनीं आतां या वह्यांकडेही लक्ष द्यावें.