शिळा भात, १५ माणसं आणि ०.०४७

पेपर वाचायचा कसा, असं पेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात. आज एकच पेपर घेऊन बसू या. निमित्त घरचंच आहे. लातूरला बाबांना शुगर आहे. 'शिळ्या भाताने शुगर वाढत नाही' असा मेसेज आला आणि ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला माणूस रोज दोन वाट्या भात खायला लागला! असले मेसेज ज्याचा आधार घेतात, तो सोनिया आणि सहकाऱ्यांचा २०१५ चा इंडोनेशियातला पेपर.

त्यात काय सापडलं? ताज्या पांढऱ्या भातात १०० ग्रॅममागे ०.६४ ग्रॅम रेझिस्टंट स्टार्च, म्हणजे लहान आतड्यात न पचणारा. १० तास बाहेर ठेवल्यावर १.३०. फ्रीजमध्ये ४ अंशांवर २४ तास ठेवून परत गरम केल्यावर १.६५. कारण तुम्हाला माहीत आहे: शिजताना सुट्या झालेल्या अमायलोजच्या साखळ्या गार होताना पुन्हा घट्ट बसतात, एन्झाइमला आत शिरता येत नाही. इथवर माझी तक्रार नाही.

पण 'अडीच पट' या शब्दापाशी थांबा. कशाच्या अडीच पट? दोन वाट्या म्हणजे २०० ग्रॅम भात धरा. वाढ झाली जेमतेम २ ग्रॅम. त्या भातात एकूण कार्बोहायड्रेट ५५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे वाढ ४ टक्केही नाही. तरी १५ निरोगी माणसांत ग्लुकोजच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ १५२ वरून १२५ वर आलं. जवळपास १८ टक्के घट! हा हिशेब जुळतो का, कागदावर मांडून बघा. उरलेला स्टार्चही सावकाश पचत असेल, शक्य आहे; पण मग सगळं श्रेय रेझिस्टंट स्टार्चला का द्यायचं? आणि पी ०.०४७. एकाच माणसाला दोन्ही भात दिले ही जमेची बाजू, पण १५ जणांत एखाद्याचं रीडिंग हललं तरी हा आकडा ०.०५ च्या पलीकडे जाऊ शकतो. शिवाय यात मधुमेही कोणी नव्हतंच.

मला सगळ्यात खटकतं ते पुढचं. माणसांना खाऊ घातला तो फ्रीजमधला भात. बाहेर ठेवलेला नाही. आपल्याकडे मेसेज वाचून लोक पातेलं ओट्यावरच ठेवतात, नांदेडच्या मे महिन्यात, लाइट गेलेली असताना. बॅसिलस सेरियसचे बीजाणू शिजवून मरत नाहीत, आणि उलटी आणणारं त्याचं विष फोडणीचा भात करूनही जात नाही. खोबरेल तेलाची श्रीलंकेतली बातमीही त्याच वर्षीची. माणसांवरची चाचणी व्हायच्या आधीच 'अर्ध्या कॅलरी' असे मथळे आले होते.

हा विषय घेणार असाल तर स्टार्च कोरड्या वजनावर मोजा. फ्रीजमध्ये भातातलं पाणी उडतं आणि ओल्या वजनावरचा आकडा उगाच फुगतो. वाणाचं अमायलोजही आधी तपासा. चिकट भात आणि मोकळा भात एकसारखे वागणार नाहीत.

बाबांना ग्लुकोमीटर आणून दिलाय. आता वाटी मोजून घेतात आणि जेवल्यावर २ तासांनी वहीत रीडिंग लिहितात.