‘काही आढळले नाही’ म्हणजे किती पाहिले?

प्राचीन कबरींच्या परिसरात बांधकाम करायचे, तर आधी चाचणी-चर खणून पाहावेत, ही पद्धत इंग्लंडमध्ये १९९० च्या ‘नियोजन मार्गदर्शिका क्रमांक १६’ नंतर रूढ झाली. पुढे मार्गदर्शिका बदलली, पद्धत टिकली. ती चांगलीच आहे. आक्षेप आहे तो तिच्यावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षावर. अहवालात ‘काही आढळले नाही’ असे लिहिलेले असते. बांधणारा ते ‘काही नाही’ असे वाचतो.

एक हेक्टर जमीन घ्या. तीत ३० मीटर लांब व २ मीटर रुंद असे ८ चर खणले, तर ४८० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ ५ टक्के जमीन उघडी होते. आता आलेख-कागदावर १० सेंटिमीटरचा चौरस आखा. एक मिलिमीटर म्हणजे एक मीटर. त्यात ८ चर काढा आणि मोहरीचे शंभर दाणे विखरून टाका. दाणा सुमारे २ मिलिमीटरचा, म्हणजे एका कबरीएवढा. चराला शिवणारे दाणे दहाच्या आसपास भरतील. उरलेले नव्वद? तेथे अहवाल म्हणेल, काही आढळले नाही. उलट, थडग्याच्या उंचवट्याभोवतीचा ३० मीटर व्यासाचा खंदक असेल, तर समान अंतरावरच्या चरांतून तो सहसा निसटत नाही. म्हणजे ही चाचणी मोठ्या रचनेबाबत विश्वासार्ह आणि एकट्या कबरीबाबत दुबळी आहे. चुंबकीय सर्वेक्षणाचेही बरेचसे असेच. खंदक ठळक उमटतो, खडूच्या जमिनीत खणून त्याच खडूने बुजवलेला लहान खड्डा पुष्कळदा उमटत नाही.

हे केवळ कागदावरचे नाही. स्टोनहेंजपासून सुमारे ५ किलोमीटरवर, एम्सबरीजवळ, २००२ च्या मे महिन्यात एका शाळेच्या (होय, शाळेच्याच!) बांधकामापूर्वी उत्खनन चालू होते. काम रोमन काळातील लहान दफनभूमीचे होते. जवळच इ.स.पू. २३०० च्या सुमाराची एक कबर निघाली. तांब्याचे सुरे, बाणांची दगडी पाती, सोन्याचे दोन अलंकार, अशा जवळजवळ शंभर वस्तू तीत होत्या. त्या माणसाच्या दातांतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून त्याचे बालपण आल्प्सच्या परिसरात गेले असावे, असे अनुमान निघाले. नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळे निदान डोळ्यांना दिसतात. येथे वर कसलीच खूण नव्हती. जागा मोठ्या प्रमाणावर उघडली होती, म्हणूनच ती कबर हाती आली.

वृत्तपत्रांनी सोन्याचे कौतुक केले. जागा किती उघडली होती, हे फारसे कोणी विचारले नाही.

सगळी जमीन खणा, असे कोणी म्हणत नाही. उत्खननानेही पुरावा नष्टच होतो, आणि पैसा बांधणाऱ्याच्या खिशातून जातो. पण अहवालात एक ओळ वाढवायला खर्च येत नाही: किती टक्के जमीन पाहिली, आणि २ मीटरची कबर त्यातून सुटण्याची शक्यता किती. रस्त्याच्या किंवा घरांच्या आराखड्यावर सही करणाऱ्याच्या हातात आज बहुधा ‘काही आढळले नाही’ हे तीनच शब्द पडतात.