हळदीतले नदीम-श्रवण

नव्वदच्या दशकातली उडती हिंदी गाणी आज ठाणे-कल्याण पट्ट्यात दोन प्रकारची मंडळी वाजवतात. घोडबंदर रोडच्या कॅफेंमध्ये गिटार आणि कहोन घेऊन बसलेली मुलं संगीतकार अनू मलिकचं एखादं धांगडधिंग्याचं गाणं निम्म्या लयीत, डोळे मिटून, गझल असल्यासारखं गातात. ऐकणारे हसतात, कारण तिथे हसणंच अपेक्षित असतं. गाणं टुकार आहे हे आम्हाला कळतं, एवढं सांगण्यापुरतंच ते गायलेलं असतं. दुसरी मंडळी भोपर, निळजे, कोन, कोलशेत अशा गावांत हळदीच्या रात्री तेच गाणं मूळ लयीपेक्षा अंमळ जलद वाजवतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नसतो. ही बेंजो पार्टी. कोणत्या कंपनीशी करार नाही, वरदहस्त नाही, मिळेल त्या सुपारीवर चालायचं. इंडी बँड म्हणून मिरवण्याचा पहिला हक्क खरं तर त्यांचा. तो त्यांनी कधी मागितला नाही, आणि आपल्या संगीतसमीक्षेनेही आपणहून दिला नाही.

या वाद्याचा अमेरिकन बँजोशी नावापुरताच संबंध. जपानमधल्या नागोयाच्या मोरिता गोरो यांनी १९१२ साली तायशोगोतो बनवला, टाइपरायटरसारख्या कळांचं तंतुवाद्य. त्याचा आपल्याकडचा अवतार म्हणजे बुलबुलतरंग. त्याला पिकअप लावून, अॅम्प्लिफायरला जोडून, भोंग्यांतून सोडला की झाला बेंजो. डाव्या हाताने कळ दाबायची, उजव्या हाताने तार छेडायची. कळ तारेला ठरलेल्या जागीच दाबते, त्यामुळे मींड जवळपास अशक्य. लांब स्वर धरायचा तर तोच स्वर भराभर छेडत राहावं लागतं, आणि लताबाईंचा एक संथ श्वास इथे थरथराट होऊन बाहेर पडतो. म्हणून भावगीत बेंजोवर केविलवाणं वाटतं, गझल तर ऐकवत नाही.

पण ‘आशिकी’ (१९९०) किंवा ‘साजन’ (१९९१) घ्या. नदीम-श्रवण यांचे मुखडे आखूड तुकड्यांचे, पुन्हापुन्हा येणारे, पहिल्या ऐकण्यात पाठ होणारे. ‘मोहरा’त (१९९४) विजू शाह यांनी सिंथेसायझरवर बांधलेले तुकडे तर कळांच्या वाद्यातूनच जन्मलेले. ज्या साचेबद्धपणासाठी जाणकारांनी या संगीताला नाकं मुरडली, तोच बेंजोला मानवतो. शिवाय बेंजोवर शब्द नसतात. या गाण्यांचा निम्मा भडकपणा शब्दांत होता. तो गळून पडला की उरलेली चाल बऱ्याचदा भक्कम निघते. सगळ्याच चाली भक्कम होत्या असं नाही. काही गाणी शब्द काढल्यावरही तितकीच भिकार राहतात, आणि हळदीत त्यांवरही लोक नाचतात.

या परंपरेचं मूळ नव्वदीच्या मागे जातं. ‘नागिन’ (१९५४) मधली बीन ही बीन नव्हतीच. हेमंतकुमारांच्या त्या संगीतात कल्याणजींनी ती क्लॅव्हिओलिन या इलेक्ट्रॉनिक कळवाद्यावर वाजवली होती. बेंजोवाला आज वाजवतो ती त्या नकलेची नक्कल, आणि तिच्यावर रुमाल तोंडात धरून डोलणाऱ्याला खऱ्या पुंगीची आठवणसुद्धा होत नाही.

मात्र शब्द गेले की काय हरवतं, तेही हळदीतच दिसतं. कल्याणच्या शिंदे घराण्याचं उदाहरण जवळचं. प्रल्हाद शिंदे यांचे चिरंजीव आनंद शिंदे यांचं पोपटाचं गाणं कॅसेटच्या जमान्यात गल्लोगल्ली वाजलं. त्याची गंमत आनंदरावांच्या गळ्यातल्या खरखरीत आणि द्वयर्थी शब्दांत आहे. बेंजोवर ते गाणं अर्धंच राहतं. उरलेलं अर्धं मांडवातले लोक ओरडून भरतात. हा मूळ गाण्याचा अपमान म्हणायचा की सन्मान, हे ठरवणं मला तरी अवघड जातं.

डोंबिवलीचे रवी जाधव यांनी २०१६ साली ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट काढला, तेव्हा या कलेला मोठा पडदा मिळाला. पण तिथे वस्तीतल्या पोरांची कला ओळखायला न्यूयॉर्कहून मुलगी यावी लागते, आणि पोरं वाजवतात विशाल-शेखर यांची नवी गाणी. ज्यांचा सगळा संसार दुसऱ्यांच्या चालींवर उभा आहे, त्यांच्यावरच्या चित्रपटात त्या चालींनाच दुय्यम जागा, हे मला खटकलं.

त्याहून जास्त खटकतं ते आजचं वादन. यूट्यूबवर वरळी, जोगेश्वरीच्या ‘बीट्स’ नावाच्या ग्रुपांनी घालून दिलेला नमुना आता सगळीकडे चालतो. मुखडा दोनदा, की लगेच पुढचं गाणं. अंतरा गायब. ऑक्टोपॅड, ढोल आणि कीबोर्डच्या गदारोळात बेंजो फक्त ओळख पटवण्यापुरता उरलाय. खरा वादक कळतो तो अंतऱ्यात. मुखडा कोणीही वाजवतो. अंतऱ्याची चढण, तिथून परत येताना घेतलेली छोटी हरकत, दोन अंतऱ्यांमधला व्हायोलिनचा पीस एका तारेवर उतरवण्याची युक्ती, हे जाणत्या हातांकडून शिकायचं असतं.

कायद्याची गंमत वेगळी. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(झेडए) नुसार धार्मिक समारंभात वाजवलेलं संगीत हक्कभंग ठरत नाही, आणि वरातीसह लग्नाशी जोडलेले समारंभही त्यात धरले आहेत. हळदीत नदीम-श्रवण बिनघोर वाजवा. तेच ध्वनिमुद्रित करून विकायचं म्हटलं की २०१२ च्या दुरुस्तीतलं ३१सी आडवं येतं: मूळ मुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षं झालेली हवीत, किमान पन्नास हजार प्रतींची रॉयल्टी भरायची, आणि गाण्यात गरजेपलीकडे फेरफार करायचा नाही. फेरफार हाच ज्यांचा प्राण, त्यांना हे कसं जमावं? म्हणून चांगल्या पार्ट्यांचं वादन पाहुण्यांच्या मोबाइलमधल्या चित्रफितींपलीकडे फारसं टिकत नाही.

त्यात रात्री दहाचा भोंगेबंदीचा नियम. भोपर, निळजे यांसारखी २७ गावं २०१५ मध्ये पुन्हा कल्याण-डोंबिवली महापालिकेत आली. शेतांवर टॉवर चढले, आणि हळदीच्या मांडवासमोरच्या बाराव्या मजल्यावरून पोलिसांना फोन जाऊ लागले. त्या रहिवाशांची झोपही खरीच आहे. लग्नविधींची पारंपरिक गाणी म्हणजे धवले; ते धवलारीण गाते तेव्हा आवाजाची तक्रार नसते, पण तिच्याकडेही आता किती जण कान देतात? डीजेला एक माणूस पुरतो, बेंजो पार्टीला दहा-पंधरा, म्हणून सुपाऱ्या तिकडे वळल्या. तग धरायचा म्हणून पार्ट्या डीजेसारख्या वाजू लागल्या, आणि माझ्या मते चूक झाली ती नेमकी इथे. स्पीकरची भिंत डीजे केव्हाही जास्त मोठी लावणार. ‘साजन’मधलं एखादं गाणं दोन्ही अंतऱ्यांसकट, मधल्या पीससकट, एका तारेवर उभं करणं मात्र त्याला जमणार नाही.