पत्त्यांचे वाटप आणि मतैक्याची मर्यादा

इंटरनेटवरून पाठविलेली माहिती नेमक्या ठिकाणी पोचावयाची तर त्या ठिकाणाला अंकी पत्ता हवा, आणि तोच पत्ता दुसऱ्या कोणाला दिलेला नसावा. चौथ्या आवृत्तीच्या पद्धतीत हा पत्ता ३२ बिटांचा असतो. २ चा ३२ वा घात काढला की एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी भरतात. ते कोणी वाटावयाचे, आणि कोणत्या अधिकाराने?

या प्रश्नाशी निगडित असा एक छोटा दस्तऐवज आयकॅन या संस्थेने २००१ मध्ये स्वीकारला. 'आयसीपी-२' नावाने तो ओळखला जातो. एखाद्या भूखंडासाठी नवी पत्ता-नोंदणी संस्था स्थापन करावयाची असेल तर तिने कोणते निकष पाळावेत, हे त्यात सांगितले आहे. निकष दहा आहेत. त्या प्रदेशातील सेवादात्यांचा व्यापक पाठिंबा, निःपक्षपातीपणा, तांत्रिक जाण, नोंदी ठेवण्याची शिस्त, आणि धोरणे खालून वर ठरविण्याची पद्धत हे त्यांतील प्रमुख होत.

ही शेवटची पद्धत आम्हांस विशेष आवडते. धोरणाचा प्रस्ताव कोणीही मांडू शकतो. त्यावर खुली चर्चा होते. हात मोजण्यापेक्षा, गंभीर आक्षेपांना उत्तर मिळाले की नाही हे पाहिले जाते. विज्ञानातही सिद्धान्त बहुमताने ठरत नाही. मात्र एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. विज्ञानातील मतैक्य चुकले तर निसर्ग ते प्रयोगातून दाखवून देतो. पत्त्यांच्या धोरणाला असा तटस्थ परीक्षक नाही. सर्वांनी ते पाळले तरच ते टिकते.

पत्ते मुबलक होते तोवर नियम मोडण्यात कोणाचा फारसा लाभ नव्हता. ३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती साठ्यातील शेवटचे पाच गट वाटले गेले. त्याच वर्षी दिवाळखोरीत गेलेल्या नॉर्टेल कंपनीचे ६,६६,६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टने ७५ लाख डॉलरना घेतले. विद्यार्थ्यांनी भागाकार करून पाहावा : एका पत्त्याला सुमारे सव्वाअकरा डॉलर पडले. जी वस्तू विकली जाते, तिचा तंटा न्यायालयात जाणारच.

आफ्रिकेत तेच घडले. तेथील नोंदणी संस्था आफ्रिनिक हिची कायदेशीर नोंद मॉरिशसमध्ये आहे. एका कंपनीला पूर्वी दिलेले सुमारे ६२ लाख पत्ते परत घेण्याचा तिने प्रयत्न केला. पत्त्यांचा वापर मंजुरीप्रमाणे नाही, असे संस्थेचे म्हणणे होते. कंपनीला ते मान्य नव्हते. जुलै २०२१ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने संस्थेची बँक खाती काही काळ गोठली. पुढे संचालक मंडळाची गणसंख्या उरली नाही, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने संस्थेवर प्रशासक नेमला. जून २०२५ ची निवडणूक रद्द झाली. नवे मंडळ सप्टेंबरमध्ये निवडले गेले.

न्यायालयाने जनसमुदायाच्या मतैक्यावर अतिक्रमण केले, असे काहींना वाटते. आमचे मत निराळे आहे. न्यायालयापुढे करार येतो, कंपनी कायदा येतो; चर्चेतील एकमत आपोआप येत नाही. ते बंधनकारक व्हावयाचे तर करारात स्पष्ट शब्दांत उतरले पाहिजे.

'आयसीपी-२' चा खरा दोष येथे दिसतो. संस्थेला मान्यता कशी द्यावी हे तो सांगतो. ती कोलमडली तर काय करावे, मान्यता कोणी व कशी काढून घ्यावी, यावर तो मौन पाळतो. तो लिहिणाऱ्यांनी सद्भाव गृहीत धरला होता. त्याच्या जागी नवा दस्तऐवज आणण्याचे काम २०२४ मध्ये सुरू झाले, ही समाधानाची गोष्ट आहे.

यावर उपाय म्हणून सारा अधिकार सरकारांकडे सोपवावा, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. राऊटर एका देशाचा कायदा पाहून चालत नाहीत. जगभरच्या सेवादात्यांनी एकच नोंदवही मानली नाही, तर एकच पत्ता दोन ठिकाणी दिसू लागेल, आणि तो घोळ कोणत्याही एका न्यायालयाला निस्तरता येणार नाही. मतैक्य हवेच, त्याला कराराचा आधार आणि अपयशानंतरची वाटही हवी. नव्या दस्तऐवजाची परीक्षा याच दोन कसोट्यांवर करावी.