प्रकट होऊनही गूढ : ख्रिस्ती धर्मग्रंथातील ईश्वर-रहस्य आणि मार्ककृत शुभवर्तमानाची कथनरीती

प्रस्तावना

ख्रिस्ती धर्मग्रंथ हा ‘प्रकटीकरणाचा’ ग्रंथ मानला जातो. जो ईश्वर मानवी बुद्धीला अगम्य आहे, त्याने इतिहासात, विशिष्ट स्थळी व विशिष्ट काळी, स्वतःला प्रकट केले, ही या ग्रंथाची मूलभूत भूमिका आहे. परंतु येथे एक प्रश्न उपस्थित होतो. जे प्रकट झाले ते रहस्य कसे राहील? आणि जे रहस्यच आहे ते प्रकट झाले असे कोणत्या अर्थाने म्हणता येईल? ईश्वरशास्त्राने या प्रश्नाची उत्तरे आपल्या परीने दिली आहेत. प्रस्तुत लेखात मात्र हा प्रश्न साहित्यसमीक्षेच्या अंगाने विचारात घेतला आहे. त्यासाठी चार शुभवर्तमानांपैकी सर्वांत प्राचीन मानल्या जाणाऱ्या, इ.स. ७० च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या मार्ककृत शुभवर्तमानाची कथनरीती तपासली आहे व अखेरीस मराठीतील ‘क्रिस्तपुराणा’शी तिची तुलना केली आहे.

‘रहस्य’ या शब्दाचा अर्थ

आज मराठीत ‘रहस्य’ म्हटले की रहस्यकथा आठवते. खुनी कोण हे शेवटच्या पानावर कळते आणि रहस्य संपते. अशा रहस्याचे स्वरूप माहितीच्या अभावाचे असते. माहिती मिळताच ते नाहीसे होते. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द ‘मुस्तेरिऑन’ याहून वेगळा आहे. मिटणे, बंद करणे या अर्थाच्या धातूशी त्याचा संबंध जोडला जातो. दीक्षा घेतलेल्यालाच ज्याचा अनुभव येतो आणि ज्याविषयी तो मौन पाळतो, ते ‘मुस्तेरिऑन’. आपल्या परंपरेतील ‘गुह्य’ हा शब्द त्याला अधिक जवळचा आहे. गीतेच्या नवव्या अध्यायाला ‘राजविद्याराजगुह्ययोग’ म्हणतात, तेव्हा तेथेही सांगूनसुद्धा न संपणारे गुह्यच अभिप्रेत असते. मराठीतील ‘गूज’ या शब्दात तर आणखी एक छटा आहे. गूज हे कुणीतरी कुणाला तरी विश्वासाने सांगावे लागते. ते परस्परसंबंधावाचून संभवत नाही.

प्रेषित पौलाच्या पत्रांत युगानुयुगे गुप्त असलेले आणि आता प्रकट झालेले रहस्य हा विचार वारंवार येतो. मात्र इ.स. ५४ च्या सुमारास करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात हे रहस्य तो क्रूसाशी जोडतो. ज्ञान्यांना जो मूर्खपणा वाटतो आणि बलवंतांना जी दुर्बलता वाटते, तेथेच ईश्वराचे सामर्थ्य आहे, असे त्याचे प्रतिपादन आहे. म्हणजे प्रकटीकरण झाले ते अपेक्षेच्या नेमके विरुद्ध ठिकाणी. त्यामुळे ते डोळ्यांसमोर असूनही ओळखू येत नाही.

या विचाराची मुळे जुन्या करारात आहेत. निर्गमच्या तिसऱ्या अध्यायात मोशे देवाचे नाव विचारतो. त्याला मिळणारे उत्तर नाव सांगते आणि नावाच्या पकडीतून निसटतेही. पुढे तेहतिसाव्या अध्यायात तो देवाचे तेज पाहू इच्छितो, तेव्हा त्याला खडकाच्या कपारीत उभे करून केवळ पाठमोरे दर्शन दिले जाते. एरिक आउअरबाख याने ‘मिमेसिस’ (१९४६) या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात होमरची कथनशैली आणि उत्पत्तीमधील अब्राहाम-इसहाक कथा यांची तुलना केली आहे. होमर सर्व काही प्रकाशात आणतो, तर बायबलमधील कथा बरेचसे अव्यक्त ठेवते व त्या अव्यक्ताचा भार वाचकावर टाकते, हे त्याचे निरीक्षण मार्कलाही लागू पडते.

मार्कमधील मौन

मार्कच्या कथनात एक चमत्कारिक गोष्ट पुनःपुन्हा घडते. येशू रोग्यांना बरे करतो आणि कुणाला सांगू नका अशी ताकीद देतो. कुष्ठरोग्याला, याईराच्या मुलीच्या आईबापांना, फिलिप्पाच्या कैसरियाच्या वाटेवर ‘तू ख्रिस्त आहेस’ असे कबूल करणाऱ्या पेत्राला व इतर शिष्यांना, रूपांतर पाहून डोंगरावरून उतरणाऱ्या तिघांना, सर्वांना हीच आज्ञा आहे. जर्मन अभ्यासक विल्यम व्रेडे याने १९०१ मध्ये या घटकाचे सविस्तर विवेचन करून त्याला ‘मशीहाचे रहस्य’ असे नाव दिले. येशूच्या हयातीत त्याच्या मशीहापणाची जाहीर घोषणा झाली नव्हती आणि पुनरुत्थानानंतर मात्र तशी श्रद्धा दृढ झाली. ही विसंगती दूर करण्यासाठी आरंभीच्या मंडळीने गुप्ततेची ही कल्पना योजली, असे त्याचे मत होते.

व्रेडेचे स्पष्टीकरण इतिहासाच्या दृष्टीने विचारार्ह असले तरी कथनाच्या दृष्टीने अपुरे वाटते. कारण मार्कमध्ये येशू कोण आहे हे पहिल्यापासून ज्यांना ठाऊक आहे, ते भूतग्रस्तांमधील अशुद्ध आत्मे आहेत. पहिल्याच अध्यायात कफर्णहूमच्या सभास्थानात असा एक आत्मा त्याला अचूक ओळखतो, आणि येशू त्याला गप्प करतो. त्यांची माहिती खरी आहे, पण त्या माहितीने त्यांच्यात कोणताही पालट होत नाही. उलट निवडलेले शिष्य, ज्यांना राज्याचे रहस्य दिले आहे असे चौथ्या अध्यायात म्हटले आहे, ते भाकरींच्या प्रसंगानंतरही समजत नाहीत म्हणून आठव्या अध्यायात त्यांची कानउघाडणी होते. येथे मार्कचे मर्म सापडते. ईश्वर-रहस्य म्हणजे माहितीचा अभाव नव्हे. तसे असते तर भुतांना सर्वांत आधी मुक्ती मिळाली असती.

याच आठव्या अध्यायात बेथसैदा येथील आंधळा दोन टप्प्यांत बरा होतो. प्रथम त्याला माणसे झाडांसारखी चालताना दिसतात, नंतर सर्व स्पष्ट दिसते. लगेच पुढे पेत्राची कबुली येते आणि तिच्यापाठोपाठ दुःखसहनाच्या भाकिताला त्याचा विरोध येतो. पेत्राची दृष्टी पहिल्या टप्प्यावर थांबली आहे. ‘ख्रिस्त’ हा शब्द बरोबर आहे, परंतु त्यात त्याने भरलेला सत्तेचा अर्थ चुकीचा आहे. योग्य शब्द अयोग्य वेळी उच्चारला तर तो असत्य ठरतो, म्हणून मौनाची आज्ञा आहे. प्रमुख याजकासमोर येशू प्रथमच आपली ओळख उघडपणे मान्य करतो, तोपर्यंत त्या शब्दाचा सत्तेशी संबंध राहण्याची शक्यताच उरलेली नसते. तो बंदिवान असतो.

पंधराव्या अध्यायात येशू एका स्तोत्राच्या आरंभीच्या शब्दांत देवाने आपला त्याग का केला असे विचारून प्राण सोडतो. मंदिरातील पडदा फाटतो आणि रोमी शताधिपती त्याला देवाचा पुत्र म्हणतो. बाप्तिस्म्याच्या वेळी आकाश विदारले गेले, तेथे मार्कने जे ग्रीक क्रियापद वापरले तेच येथे पडद्यासाठी वापरले आहे. आरंभी आकाशातून आलेली ओळख शेवटी परकीय सैनिकाच्या तोंडी येते. ईश्वर सर्वाधिक अनुपस्थित भासतो, त्या क्षणी ती ओळख उच्चारली जाते.

एक अडचण

या वाचनाला एक गंभीर आक्षेप संभवतो. चौथ्या अध्यायात बाहेरच्यांना सर्व काही दाखल्यांतून सांगितले जाते, ते त्यांनी पाहूनही पाहू नये व ऐकूनही समजू नये ‘यासाठी’, असा आशय आहे. यशयाच्या सहाव्या अध्यायातील हे शब्द कठोर आहेत. मत्तयाने याच ठिकाणी ‘यासाठी’च्या जागी ‘कारण’ या अर्थाचे अव्यय घातले आणि कठोरता सौम्य केली. लोक समजत नाहीत, म्हणून दाखले. फ्रँक करमोड याने ‘द जेनेसिस ऑफ सीक्रेसी’ (१९७९) मध्ये मार्कचा कठोर पाठ गांभीर्याने घेतला. प्रत्येक कथन वाचकाला आत घेण्याचे आश्वासन देते आणि बाहेरच ठेवते, असा त्याच्या विवेचनाचा रोख आहे.

करमोडचे निरीक्षण मार्मिक असले तरी मार्कमध्ये आत-बाहेरची रेषा स्थिर नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. आतले शिष्य पळून जातात. वाटेवर बसलेला आंधळा बार्तिमय आणि शताधिपती हे बाहेरचे असून पाहतात. दार बंद आहे, पण ते कुणासाठी बंद आहे हे आधी ठरलेले नाही. त्यामुळे रहस्यावर कोणत्याही गटाची मालकी सांगता येत नाही. धर्मसंस्थेचीही नाही आणि समीक्षकाचीही नाही.

सिनाइटिकस व व्हॅटिकानस या चौथ्या शतकातील हस्तलिखितांत हे शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशी संपते. रिकामी कबर पाहून स्त्रिया पळतात आणि भीतीने कुणालाही काही सांगत नाहीत. आजवर बोलू नका म्हटले तेव्हा लोक बोलत होते, आता सांगा म्हटल्यावर मौन पडते. पुढील बारा वचने नंतरची भर आहेत असे बहुतेक अभ्यासक मानतात. ही भर घालावीशी वाटणे हेच मूळ शेवटाच्या अस्वस्थ करणाऱ्या सामर्थ्याचे प्रमाण होय.

मराठीतील कथन

हे मौन मराठीत आले तेव्हा त्याचे काय झाले? थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) या इंग्रज जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. ‘पहिले पुराण’ व ‘दुसरे पुराण’ मिळून ९५ अवस्वरू व सुमारे ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ आहे. त्याच्या आरंभी नवख्रिस्ती श्रोता आपल्या भाषेतील पुराणाची मागणी करतो आणि पाद्री-गुरू कथा सांगतो.

पुराण हा प्रकार शंकानिरसनाचा आहे. श्रोता विचारतो, वक्ता उत्तर देतो. त्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून सलग कथा येते आणि चारही शुभवर्तमानांचा आशय एका प्रवाहात मिसळतो. स्टीफन्सच्या काळी कॅथलिक चर्चमध्ये प्रमाण असलेल्या व्हल्गेट बायबलात मार्कचा विस्तारित शेवट होताच. त्यामुळे मार्कचे तुटलेपण येथे उरणे शक्य नव्हते. हा स्टीफन्सचा दोष नव्हे. साष्टीतील देवळे पाडली गेली होती, जुने ग्रंथ निषिद्ध ठरले होते. अशा श्रोत्यांना प्रथम आपल्या भाषेतील आधार हवा होता आणि तो त्याने दिला. परंतु ज्यांच्याकडून सक्तीने पूर्वीचे हिरावले गेले, त्यांना सत्तेच्या छायेत ‘दुर्बल’ ईश्वराची कथा सांगितली जात होती, हा अंतर्विरोधही नजरेआड करता येत नाही. मार्कच्या येशूने ज्या सत्तेच्या अर्थापासून आपले नाव जपले, त्याच अर्थाने ते नाव पुढे इतिहासात वावरले.

समारोप

ख्रिस्ती धर्मग्रंथात ईश्वर-रहस्य प्रकट होते म्हणजे कोडे सुटते असे नाही. आपण पाहत असलेली जागा चुकीची होती, हे कळते. मार्कची कथनरीती हा आशय केवळ सांगत नाही. मौन, अर्धवट दृष्टी व अपूर्ण शेवट यांद्वारे ती वाचकाला त्या अनुभवात उभे करते. मराठीच्या अभ्यासवर्गांत ‘क्रिस्तपुराण’ शिकवताना भाषासौंदर्य व प्रचारहेतू या दोनच मुद्द्यांवर आपण बहुधा थांबतो. त्यासोबत मूळ शुभवर्तमानाचे मौनही वाचले, तर पुराणाने काय दिले आणि काय बोलून टाकले, हे दोन्ही अधिक न्याय्यपणे मांडता येईल. श्रद्धा असो वा नसो, गूज ऐकण्यासाठी आधी थांबावे लागते, एवढे तरी हा ग्रंथ वाचकाकडून अपेक्षितो.