पाठीमागचे सरोवर

परदेशगमन हा एके काळी प्रायश्चित्ताचा विषय होता. आता तो छायाचित्रांचा विषय झाला आहे. आमच्या अहिल्यानगरसारख्या शहरातूनही सुटीत स्वित्झर्लंडास जाऊन येणारी कुटुंबे आता पुष्कळ आहेत, आणि परतल्यावर स्नेह्यांस बोलावून दोनअडीचशे छायाचित्रे दाखविल्यावाचून प्रवासाची सांगता झाली असे कोणास वाटत नाही. हा प्रसंग आम्हांवर अनेकदा आला, आणि गेल्या वर्षी आम्हीही तो इतरांवर आणला, हे प्रथमच सांगून टाकणे बरे. ग्रंथास जी कसोटी आपण लावतो, ती या चित्रांस लावून पाहावी, एवढाच येथे हेतू आहे.

या चित्रांचा पहिला विशेष असा की, जे पाहावयास इतक्या दूर जावे त्याकडेच पाठ करून त्यांतील माणसे उभी असतात. दुसरा विशेष असा की, उभे राहण्याची जागाही त्यांनी शोधलेली नसते. ब्रिएन्झ सरोवराकाठचे इझेल्टवाल्ड हे चिमुकले गाव पाहा. २०१९-२० मध्ये दाखविल्या गेलेल्या एका कोरियन मालिकेत तेथील लाकडी धक्का दिसला, आणि त्यावर उभे राहून चित्र काढून घेण्यास इतकी गर्दी लोटली की, २०२३ पर्यंत गावाने तेथे फिरते दार बसवून पाच फ्रँक प्रवेशमूल्य ठेवले. सरोवर कोसांगणती पसरलेले; रांग मात्र त्या एका फळीसाठी! यास पाहणे म्हणावे, की पडताळणे?

कोणी म्हणेल, हौसेच्या चित्रांस कलेची कसोटी कशाला? घरच्या वडीलधाऱ्यांस दाखविण्यास ती पुरेशी आहेत. हा आक्षेप रास्त आहे. १८८८ साली ईस्टमनचा कोडॅक कॅमेरा निघाल्यापासून ही कला सामान्य माणसाच्या हाती येऊ लागली, हा लाभच होय. परंतु हानी निराळीच आहे. लिंडा हेंकेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या संग्रहालयातील प्रयोगांत, ज्या वस्तूंची छायाचित्रे घेतली त्या, नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा, लोकांस कमी आठवल्या. मात्र वस्तूच्या एखाद्या भागावर भिंग रोखून चित्र घेतले, तेव्हा स्मरण उणावले नाही. तात्पर्य, दोष यंत्राचा नव्हे, नजरेच्या आळसाचा आहे.

याची प्रचीती आम्हांस घरीच आली. आमच्या साऱ्या संग्रहात स्नेहीमंडळी थांबली ती एकाच चित्रापाशी. ते चुकून निघालेले होते. आमचे कुटुंब बाकावर बसून शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा उघडीत आहे, वाऱ्याने पदर उडाला आहे, आणि सरोवर कोपऱ्यात ओंजळभर दिसते आहे. गारठा फार होता काय, लाडू तेथवर टिकले कसे, असे प्रश्न निघाले. उत्तरे देता देता तो वारा आम्हांसही पुन्हा लागला. उरलेल्या चित्रांतील स्थळांची नावे मात्र आम्हांस मुलीस विचारावी लागली.

ही सवय परदेशातच राहती तरी एक वेळ चालले असते. पण ती आपल्याबरोबर घरी येते. आमच्या जिल्ह्यातील भंडारदरा येथे, १९२६ साली पुऱ्या झालेल्या धरणाच्या परिसरात, पावसाळ्याच्या तोंडाशी झाडेच्या झाडे काजव्यांनी लखलखतात. तो प्रकाश म्हणजे नरमादीने एकमेकांस घातलेली साद होय. तीवर आपण विजेरीचा नि मोबाइलचा झोत टाकतो, तेव्हा ती साद बुडते आणि त्यांचे मीलन खुंटते. इझेल्टवाल्डास आपण केवळ आपले पाहणे गमावतो. येथे पाहण्याची वस्तूच गमावण्याची भीती आहे.

म्हणून आमचे मागणे फार नाही. परदेशी जावे, चित्रेही काढावीत. पण यंत्र उचलण्यापूर्वी घटकाभर तोंड सरोवराकडे करून उभे राहावे. आणि परतल्यावर, जे चित्र पाहून पाहुण्यास एक तरी प्रश्न विचारावासा वाटेल, तेवढेच दाखवावे. बाकीची न दाखविण्यात सौजन्य आहे.